मोतीबिंदू कॅप्सूलनं जात नाही, हे कॅप्सूल विकणाराच सांगतोय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'ऑपरेशन विसरा, ताट बदला, मोतीबिंदू पळवा' असा अर्धा पानभर मजकूर छापलाय. तो लेख आहे का जाहिरात हे मला दोनदा वाचूनसुद्धा कळलं नाही, कारण वरचा भाग डॉक्टरी शब्दांनी भरलेला आणि खाली कोपऱ्यात फोन नंबर आणि ९० दिवसांच्या कोर्सचा भाव. सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोवर पायरीवर दोघं आजोबा आणि एक मावशी बसलेली, तिघांच्या हातात त्याच पानाची घडी. मावशींनी ती काउंटरवर पसरली आणि म्हणाल्या, "हे बघ रे, ह्यातलं काय आहे काय तुझ्याकडं? पुढच्या महिन्यात ऑपरेशनचा नंबर लागलाय माझा, तो रद्द करून टाकतो." त्यांचं ते 'रद्द करून टाकतो' ऐकलं आणि ठरवलं की आता तुम्हाला लिहायचंच.

खानापूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे, पंचवीस वर्षं झाली. आणि पहिल्यांदा कबूल करून टाकतो की ह्या डोळ्याच्या कॅप्सूल मी पण विकतो, ल्युटीन, झिॲक्सँथिन, झिंक, व्हिटॅमिन ई असं सगळं एका डबीत घातलेलं, वर डोळ्याचं चित्र, भाव ३०० च्या पुढं. मार्जिन चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. आणि विकणं मी बंद केलंय असंही नाही, काहीजणांना डोळ्याच्या पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या एका आजारासाठी डॉक्टर लिहून देतात, तिथं त्यातल्या ठराविक फॉर्म्युल्याचा उपयोग अभ्यासात दिसलेला आहे, ती चिठ्ठी आली की द्यायचीच. पण दहातले नऊजण माझ्याकडं येतात ते पडद्यासाठी नाही, मोतीबिंदूसाठी येतात. एकदा ती डबी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा, भिंग लागेल, तिथं इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं असतं. म्हणजे ते कायद्यानं औषधच नाही, खाद्यपदार्थात जमा आहे. पुढं डोळ्याचं चित्र एवढं मोठं आणि मागं हे एवढं बारीक.

आता ह्यात माझं काय दुखतंय ते सांगतो. माझ्या आईला मी स्वतः दोन वर्षं ह्या कॅप्सूल दिल्या. ती वाकळ शिवते, जुन्या लुगड्यांची, गल्लीतल्या निम्म्या घरात तिच्या हातची वाकळ आहे. उजव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं म्हणून दाखवून आणलं, डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, सहा महिन्यांनी परत आणा, बघू. तिला ऑपरेशनची भीती आणि मला दुकान सोडून जायला वेळ नाही, दोघांचंही जमलं, मी म्हटलं आपल्याकडं एवढ्या कॅप्सूल आहेत तर चालू करू, घरच्याच आहेत. सहा महिने गेले, वर्ष गेलं. मी विचारायचो "कसं आहे गं", ती म्हणायची, "गोळ्या बऱ्या हायत रे तुझ्या, पण सुईत दोरा काय जाईना झालाय." मी हसायचो. त्यात शेजारच्या कुणीतरी कांद्याचा रस, मध, लिंबू आणि आल्याचा रस मिसळून डोळ्यात घालायला सांगितलं, तेही तिनं मला न सांगता आठ दिवस केलं, डोळा लाल झाल्यावर कळलं. आणि एका रात्री डोकं फुटेल असं दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली, आम्ही पित्त म्हणून गोळी दिली. म्हणजे गोळी मीच दिली, बी. फार्म झालेल्या माणसानं. सकाळी बेळगावला नेलं तर मोतीबिंदू जास्त होऊन लेन्स फुगलेली आणि डोळ्यातलं प्रेशर वाढलेलं. ऑपरेशन झालं पण आतली नस तोवर दबली होती, त्या डोळ्याला आता उजेड आणि माणसाची आकृती एवढंच कळतं. डावा डोळा मग वेळेत केला, तो छान आहे, दोरा जातो. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तर मोतीबिंदू म्हणजे काय हे आधी. आपल्या बुबुळाच्या मागं एक काचेसारखी लेन्स असते, तिच्यात रक्ताची एक पण नळी नाही, नाहीतर आरपार दिसलंच नसतं, तिला पोसतं ते आजूबाजूचं पाणी. ती भरलेली असते एका प्रकारच्या प्रोटीननं, आणि ह्या प्रोटीनची गंमत म्हणजे लेन्सच्या मधल्या भागातलं प्रोटीन आपण आईच्या पोटात असताना तयार झालेलं असतं आणि मरेपर्यंत तेच राहतं, कातडीसारखं झडून नवं येत नाही. ६०-७० वर्षं ऊन, धूर, साखर, आणि शरीरातच तयार होणारे त्रासदायक ऑक्सिजनचे कण हे सगळं सोसून सोसून ते प्रोटीन एकमेकांना चिकटतं, गुठळ्या होतात, आणि काच दुधी होते. मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो, तुम्ही बेळगावचे, कुंदा कसा होतो माहीत आहे, दूध आटवून आटवून एकदा कुंदा झाला की त्यात पाणी घाला, औषध घाला, काही घाला, परत दूध होईल काय? मग लेन्स तरी कशी होईल. आजच्या घडीला तयार झालेला मोतीबिंदू विरघळवणारं सिद्ध झालेलं एकही औषध नाही, ड्रॉप नाही, कॅप्सूल नाही, काढा नाही.

पण तुमच्या त्या मजकुरात सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही, आणि घोळ तिथंच आहे, कारण अर्धं खरं होतं. व्हिटॅमिन सी डोळ्यातल्या त्या पाण्यात आणि लेन्समध्ये रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटीनं जास्त साठवलेलं असतं, हे खरं. ते तिथं त्या त्रासदायक कणांना आवरायचं काम करतं, हे पण खरं. पालेभाजीतलं ल्युटीन आणि झिॲक्सँथिन ही पिवळी द्रव्यं लेन्समध्ये सापडतात, खरं. आपल्याच देशात उत्तरेत आणि दक्षिणेत मिळून साठीच्या वरच्या ५,६३८ लोकांचं रक्त तपासून एक मोठा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला, त्यात ज्यांच्या रक्तात व्हिटॅमिन सी जास्त त्यांच्यात मोतीबिंदू कमी असं स्पष्ट दिसलं, आणि म्हाताऱ्या माणसांत व्हिटॅमिन सीची कमतरता किती भयंकर आहे हे पण दिसलं. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींवर केलेला एक अभ्यास २०१६ साली आला, ३२४ जोड्या, दहा वर्षं, जिच्या जेवणात व्हिटॅमिन सी जास्त तिच्या लेन्सचा दुधीपणा सुमारे एक तृतीयांश कमी वाढला. पण त्याच अभ्यासात पुढं लिहिलंय की गोळीतून घेतलेल्या व्हिटॅमिनचा असा फायदा दिसला नाही. हे पुढचं वाक्य जाहिरातवाले बरोबर कापतात.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं, निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण खोटी गोळी, कुणाला कुठली हे कुणालाच माहीत नाही, आणि वर्षानुवर्षं थांबून बघितलं. अमेरिकेत साडेचार हजारांवर लोक, ५५ ते ८० वयाचे, रोज व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट आणि बीटा कॅरोटीन म्हणजे गाजरातलं ते पिवळं द्रव्य, सहा वर्षांच्या वर, २००१ ला निकाल आला, मोतीबिंदूत काही फरक नाही. म्हणाले ल्युटीन राहिलं होतं, ते घालून परत केलं, २०१३ ला निकाल, एकंदरीत परत तेच. फक्त ज्यांच्या जेवणात पालेभाजी जवळजवळ नव्हतीच त्यांना थोडा फायदा झाला असावा असं दिसलं, ज्या माणसाच्या ताटात रोज मेथी-शेवगा आहे त्याला ल्युटीन विकत घ्यायचं कारण नाही असा माझा त्यातला अर्थ. सेलेनियम म्हणून एक खनिज आहे ते दिलं, काही नाही. २०१२ साली अशा ९ चाचण्यांचे आकडे एकत्र केले, एक लाख सतरा हजारांवर माणसं, उत्तर एकच, ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मोतीबिंदू टळत पण नाही आणि लांबत पण नाही.

"ते गोऱ्यांचं झालं, आपलं वेगळं" असं म्हणणारे आहेत, माझ्या दुकानातच बसतात, पेपर वाचायला येतात आणि तो पण माझाच. त्यांच्यासाठी मदुराईजवळच्या खेड्यांतला अभ्यास आहे, ७९८ माणसं, वय ३५ ते ५०, आपल्यासारखीच शेतात राबणारी, पाच वर्षं आठवड्यातून तीनदा बीटा कॅरोटीन, सी, ई च्या गोळ्या दिल्या, २००६ ला छापलं, गोळी घेणारे आणि न घेणारे दोघांचा मोतीबिंदू सारखाच वाढला.

एक-दोन ठिकाणी उलट दिसलं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण जाहिरातवाल्यासारखाच झालो. अमेरिकेतल्या १४ हजारांवर डॉक्टरांवर, हो डॉक्टरांवरच, चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांनी वर्षानुवर्षं रोज साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतली, त्यांच्यात मोतीबिंदू सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाले. शंभराच्या जागी एक्याण्णव. आणि चीनमधल्या एका फार गरीब आणि कुपोषणाच्या भागात मल्टिव्हिटॅमिननं ६५ ते ७४ वयाच्या लोकांत लेन्सच्या मधल्या भागाचा मोतीबिंदू बराच कमी दिसला. म्हणजे ज्याच्या पोटालाच नाही त्याला दिलं तर उपयोग होतो, ज्याला आहे त्याला वरून ओतून फारसं काही होत नाही. भात पाणी पिऊन भरलाय त्यात आणखी मोटर चालू केली तर पीक दुप्पट येत नाही, कुजतं.

आणि कुजतंच. स्वीडनमध्ये २४ हजारांवर बायकांना आठ वर्षं बघितलं, ज्या व्हिटॅमिन सीच्या मोठ्या म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत होत्या त्यांच्यात मोतीबिंदूची ऑपरेशनं सुमारे २५ टक्के जास्त झाली. नुसत्या निरीक्षणावरनं गोळीनंच झालं असं म्हणता येत नाही, पण कोरोनात आपल्याकडं चघळायच्या सीच्या गोळ्या लोक चॉकलेटसारख्या खात होते तेव्हा मला हे आठवायचं. ह्याच्यापेक्षा गंभीर गोष्ट बिडीवाल्यांची. फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना तेच बीटा कॅरोटीन कॅप्सूलमधून दिलं, भलं होईल म्हणून, तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ ची गोष्ट. आजही डोळ्यासाठी म्हणून येणाऱ्या काही डब्यांवर बीटा कॅरोटीन लिहिलेलं असतं, आणि आमच्या गिऱ्हाइकात बिडी ओढणारे किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. निपाणीच्या तंबाखूवर ह्या भागातल्या किती घरांच्या चुली पेटल्या, किती आयाबायांनी बिड्या वळून पोरं शिकवली, त्यामुळं त्याविरुद्ध बोलताना जीभ जड होते. पण मोतीबिंदूच्या बाबतीत आपल्या हातात जे काही आहे त्यात सगळ्यात पक्की, अभ्यासामागून अभ्यासात दिसलेली गोष्ट हीच, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला मोतीबिंदू लवकर होतो आणि सोडली की धोका हळूहळू उतरतो. आजोबा ३५० रुपयांची डबी घेतात आणि सुटे पैसे राहिले म्हणून शेजारच्या पानपट्टीवर बिडीचं बंडल घेतात, आता ह्याला काय म्हणायचं.

बरं, मग खायचं काय, हा प्रश्न येतोच आणि मला त्याचं उत्तर द्यायला फार आवडतं कारण उत्तर फुकटातलं आहे. आमच्या खानापूर भागात मार्चपासून मेपर्यंत काजूच्या बागांत खाली बोंडांचा सडा पडलेला असतो, बी तेवढी काढून घेतात आणि बोंडं तिथंच कुजतात, माशा घोंघावतात. त्या बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी असतं. घशाला खवखवतं म्हणून कोण खात नाही, पण फोडी करून मीठ लावून थोडा वेळ ठेवली की खवखव बरीच कमी होते, लहानपणी आम्ही तशीच खायचो आणि शर्टावर पडलेला डाग म्हणून मार पण खायचो. तो डाग जन्मात जात नाही. थंडीत आवळा. पेरू तर वर्षातनं बरेच महिने, १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी येतं आणि माणसाची रोजची गरज आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं धरलीय पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. म्हणजे अर्ध्या पेरूत दिवसाचं काम झालं.

आणि आपली पचडी. कोवळी मेथी बारीक चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ, वरनं कच्चं तेल, भाकरीसोबत. आमच्या आज्या हे खात होत्या तेव्हा त्यांना कुणी ॲंटीऑक्सिडंट, म्हणजे त्या त्रासदायक कणांना आवरणारं, म्हणून सांगितलं नव्हतं. व्हिटॅमिन सी उष्णतेनं आणि पाण्यात उकळून जातं, त्यामुळं कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी हे ताटात कच्चं असलं तर ते टिकतं, आणि ल्युटीन तेलातच पचतं, त्यामुळं वरच्या त्या तेलाचं पण काम आहे. ही आपली ताटाची रीत होती, आता पोरांना पचडी म्हणजे गरिबाचं जेवण वाटतं आणि घरात पाव-मस्का येतो. शेवग्याचा पाला, राजगिरा, पोकळा, अंबाडी, आमच्याकडं पुंडी म्हणतात ती, शिजवताना झाकण ठेवा, पाणी ओतून टाकू नका, आणि लिंबू पिळायचं ते गॅस बंद करून, कढईत उकळत्या आमटीत नाही. पण हे सगळं मी सांगतोय ते मोतीबिंदू येणारच नाही म्हणून नाही. कदाचित थोडा उशिरा येईल, कदाचित नाही. असं खाणारी माणसं बहुतेक बिडी कमी ओढतात, वजन आटोक्यात असतं, डॉक्टरकडं वेळेवर जातात, त्यामुळं फायदा भाजीचा किती आणि स्वभावाचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. भाजी हृदयाला आणि पोटाला तर चांगली आहेच, डोळ्याला झाली तर वरकड.

गाजराचा एक गैरसमज आहे तो पण ह्या निमित्तानं. लोक सगळं एकात कालवतात. गाजर, पपई, शेवगा ह्यातलं व्हिटॅमिन ए कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, लहान पोरांचं बुबुळ कोरडं पडून फुटू पण शकतं, म्हणून तर अंगणवाडीतनं ९ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तो पिवळा डोस पाजतात, तो पाजलाच पाहिजे. पण तो बुबुळाचा आणि पडद्याचा विषय झाला, म्हातारपणाच्या मोतीबिंदूचा नाही. एकानं माझ्याशी भांडण काढलं की बेळगावच्या रताळ्यात व्हिटॅमिन ए आहे, पेपरात वाचलंय. अहो ते केशरी गराच्या रताळ्याबद्दल होतं, आपली बहुतेक वरून लाल आणि आतून पांढरी. खा की, उपवासाला खाताच, पण डोळ्यासाठी म्हणून पोतंभर नको, शुगर असेल तर अजिबात नको.

शुगर म्हणजे डायबेटिसवर जेवढं बोलायला पाहिजे तेवढं कुणी बोलत नाही. रक्तात साखर वाढली की ती लेन्समध्ये पण शिरते, तिथं तिचं सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतं, लेन्स फुगते आणि मोतीबिंदू दहा-दहा वर्षं लवकर येतो असं मी गिऱ्हाइकांत डोळ्यानं बघतोय. आणि आपण उसाच्या पट्ट्यातले, संकेश्वर-गोकाककडचे पाहुणे आले की गुळाची ढेप घेऊन येतात, आणि घराघरात एक वाक्य पक्कं बसलंय, "गुळाचा चहा शुगरला चालतोय." नाही चालत हो. गूळ पण साखरच आहे, रंग वेगळा. डोळ्यासाठी जेवणातली एकच गोष्ट बदलायची म्हटली तर मी ल्युटीन-बिल्युटीन सोडून हा चहा आधी बदलायला सांगेन.

आणखी एक गोष्ट जेवणाची नाही पण माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगतो. डोळा लाल झाला की लोक मागच्या वेळची बाटली नाहीतर शेजाऱ्याची बाटली घेऊन येतात, "हेच द्या." त्यात निम्म्या वेळा स्टिरॉइड असतं. दोन थेंबांत लाली जाते म्हणून ते आवडतं, पण महिनोन्महिने घातलं तर त्यानंच मोतीबिंदू होतो आणि काचबिंदू पण. तसंच सांधेदुखीच्या नावाखाली पुडीत बांधून मिळणाऱ्या पांढऱ्या गोळ्या, त्या कसल्या असतात हे विचारायचं धाडस करा. उन्हाचं पण आहे, अमेरिकेत खाडीत मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांवरनं १९८८ साली दाखवलं की ज्यांच्या डोळ्यावर ऊन जास्त पडलं त्यांना एका प्रकारचा मोतीबिंदू जास्त झाला आणि टोपीच्या पुढच्या कडेनं पण बरंच ऊन अडतं. आपली गांधी टोपी सगळ्या बाबतीत भारी आहे पण तिला पुढं छज्जा नाही, एवढं मान्य करायला पाहिजे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका शब्दानं केलंय, 'पिकू दे'. आधी मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढताच येत नाही असं होतं, जुन्या पद्धतीत ते गरजेचं होतं. माझ्या आजीचं ऑपरेशन शाळेच्या व्हरांड्यात झालं होतं, कॅम्पात, आठ दिवस डोकं हलवायचं नाही म्हणून दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या लावलेल्या, आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, कारण आत लेन्स बसवत नव्हते. त्या काळात कॅम्प म्हणजे डॉक्टर एम. सी. मोदी, आपल्या शेजारच्या बिळगीचे, १९१६ चा जन्म, त्यांनी खेडोपाडी फिरून हजारोंनी ऑपरेशनं केली, जुनी माणसं अजून नाव काढतात. पण आता फेको म्हणून नवी पद्धत आलीय, दोन-तीन मिलिमीटरची चीर, आत घडीची लेन्स, बहुतेकजण त्याच दिवशी घरी. पिकायची वाट बघायचं काही कारण उरलं नाही, उलट जास्त पिकला की माझ्या आईसारखं होतं. तुमच्या रोजच्या कामात अडायला लागलं, सुईत दोरा जाईना, बसची पाटी दिसेना, तांदळातला खडा दिसेना, की डॉक्टरला विचारायचं. देशात पन्नाशीच्या वरच्या आंधळ्या माणसांत ६६ टक्के मोतीबिंदूनं आंधळी आहेत, २०१५ ते १९ च्या सरकारी सर्व्हेचा आकडा आहे. आणि हा असा आंधळेपणा की अर्ध्या तासाच्या ऑपरेशननं जातो.

म्हणून संपादकसाहेब, तुमच्याशी माझं भांडण आहे आणि ते प्रेमाचं आहे, कारण ह्या सीमाभागात मराठी माणसाला मराठीत काही वाचायला मिळतं ते तुमच्यासारख्यांमुळंच. सरकारी दवाखान्यातले डोळ्याचे फलक कन्नडमध्ये, पत्रकं कन्नडमध्ये, 'कण्णिन पोरे' म्हणजे मोतीबिंदू हे माझ्या आईला माहीत नाही, ती त्या फलकाखाली दोन तास बसली होती आणि तिला वाटलं हा बोर्ड कानाचा आहे. कन्नड असायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही, शेजारी चार ओळी मराठी असत्या तर कुणाचं काय गेलं असतं, असो, तो वाद इथं नको. पण मग मराठी म्हाताऱ्याचा सगळा भरवसा पेपरवर, आणि पेपरात हे असलं. १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूई उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा, त्याच्या यादीत ज्या आजारांवर बरं करतो म्हणून जाहिरात करायला मनाई आहे त्यात मोतीबिंदू नावानिशी आहे. आम्हाला कॉलेजात पाठ करायला लावला होता. तुमच्या जाहिरात विभागात तो एकदा चिकटवून ठेवा. आणि येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, फोन नंबरशिवाय, मोफत ऑपरेशनचे कॅम्प कुठं आणि कधी आहेत, आधारकार्ड आणि रेशनकार्ड घेऊन जायचं का, शुगर-बीपीच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या का, एवढं मराठीत छापा.

त्या मावशींचं सांगायचं राहिलं. मी त्यांना कॅप्सूल दिली नाही, आईला दुकानात बोलावून घेतलं, आई म्हणाली "माझ्या ह्या डोळ्याकडं बघ आणि ठरव." मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेपरची घडी परत पिशवीत ठेवली, ऑपरेशनची तारीख आहे तशी ठेवतो म्हणाल्या, आणि पायरी उतरता उतरता मागं वळून विचारलं, "मग त्या दिवशी सकाळी पचडी-भाकरी खाल्ली तर चालतंय न्हवं?" त्यासाठी मात्र त्यांना डॉक्टरांनाच फोन लावून दिला.

माझं नाव छापू नका, कॅप्सूलवाल्या कंपनीचा माणूस दर मंगळवारी येतो.

आपला,
एक वाचक आणि औषध दुकानदार
खानापूर तालुका, जि. बेळगाव